क्लच लिव्हरचा स्विच: दुरुस्तीच्या नोंदी, जुलै-ऑगस्ट 2024

11 जुलै 2024, गुरुवार

सकाळी कामावर जाताना टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक पडले, म्हणून मोटरसायकल पहिल्या गिअरमध्येच ठेवून बंद केली. फाटक उघडल्यावर क्लच दाबून बटण दाबले, तर स्टार्टर फिरला नाही. सीटखालून ‘टक्’ असा एक बारीक आवाज आला आणि दुसऱ्या वेळी तोही आला नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, तेव्हा ती पहिल्याच दाबाला सुरू झाली. संध्याकाळी खानापूरला परत येईपर्यंत हा प्रकार आणखी दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा गाडी गिअरमध्ये होती.

गाडी 150 सीसीची, 2013 सालची, केए 22 पासिंगची असून 78,000 किलोमीटर चाललेली आहे. गेली चार वर्षे ती खानापूर-बेळगाव रस्त्यावर रोज सुमारे पन्नास किलोमीटर धावते. तरण्या पावसाची झड आठवडाभर थांबलेली नसल्यामुळे पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला.

वाटेतल्या गॅरेजवाल्याला दाखवले. त्याने हँडलखाली हात घालून दोन वायरी चाचपल्या आणि म्हणाला, “क्लचचा स्विच गेलाय ओ. दोनी वायरी जोडून टाकतो, कटकटच नको.” पाच मिनिटांचे काम होते आणि बिघाडही लगेच गेला असता, पण त्या स्विचचे जे काम आहे तेच त्याने बंद झाले असते, म्हणून नको म्हटले.

12 जुलै, शुक्रवार

रात्री जेवणानंतर वायरिंग समजून घेतले. या गाडीत बॅटरीचा प्रवाह फ्यूज, किल्ली आणि स्टार्टरचे बटण यांतून रिलेच्या, म्हणजे स्टार्टर मोटरला प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, कॉइलला येतो आणि कॉइलमधून पुढे अर्थला (गाडीच्या चासीला) जाण्यासाठी त्याला दोन वाटा आहेत. पहिली वाट एका डायोडमधून (तो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो) न्यूट्रलच्या स्विचकडे जाते आणि दुसरी क्लच लिव्हरच्या स्विचकडे. दोहोंपैकी कोणतीही एक वाट मोकळी असली की रिले ओढतो. मधल्या डायोडचे प्रयोजन समजायला मला थोडा वेळ लागला: तो नसता तर गिअरमध्ये असतानाही क्लच दाबताच न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटला असता, कारण दिव्यालाही क्लचच्या वाटेने अर्थ मिळाला असता.

न्यूट्रलमध्ये गाडी बिनचूक सुरू होते, यावरून बॅटरी, फ्यूज, किल्ली, बटण, रिले आणि स्टार्टर मोटर ही सगळी मंडळी निर्दोष ठरली. उरली फक्त दुसरी वाट.

हेडलाइटच्या मागे स्विचच्या दोन वायरींचे सॉकेट आहे. ते सोडवून मल्टिमीटर बझरवर, म्हणजे वाट जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर, ठेवला आणि स्विचच्या बाजूच्या दोन्ही पिनांना टोके लावली. लिव्हर दाबली की बझर वाजतो आणि सोडली की थांबतो. वीस वेळा दाबून पाहिले, वीसही वेळा वाजला. स्विच चांगला आहे असा निष्कर्ष काढून, सॉकेटच्या पिना चिमट्याने जरा आवळून, समाधानाने झोपलो.

13 जुलै, शनिवार

बिघाड कायम आहे. आज सहा वेळा गिअरमध्ये सुरू करून पाहिली, चार वेळा स्टार्टर गप्प राहिला. बझरवर विश्वास ठेवला ही चूक झाली.

14 जुलै, रविवार

सकाळी पाऊस थोडा उघडल्यावर गाडी पडवीत मुख्य स्टँडवर घेतली. आज बझर बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रवाह वाहत असताना व्होल्टेज मोजायचे ठरवले. मोटर फिरू नये म्हणून बॅटरीची ऋण वायर काढली, मग रिलेपासून स्टार्टरकडे जाणारी जाड वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि बॅटरी पुन्हा जोडली. त्यामुळे बटण दाबल्यावर फक्त रिले काम करील. गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. पुतण्याला लिव्हर पूर्ण दाबून धरायला आणि मी सांगेन तेव्हा बटण दाबायला सांगितले. मीटरचे काळे टोक चासीला लावले आणि लाल टोक क्लच स्विचच्या रिलेकडील वायरीत मागच्या बाजूने सुई घालून तिला टेकवले.

स्विच बंद म्हणजे जोडलेला असताना इथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. मीटरने 4.6 व्होल्ट दाखवले.

बॅटरीवर त्या क्षणी 12.4 व्होल्ट होते, म्हणजे कॉइलच्या वाट्याला 7.8 व्होल्ट येत होते. कॉइलचा रोध वेगळा मोजला तो 4.2 ओहम भरला. त्यावरून प्रवाह सुमारे 1.9 अँपिअर आणि स्विचमधला रोध सुमारे 2.5 ओहम निघतो. स्विच ठीक असता तर कॉइलमधून जवळपास 3 अँपिअर वाहिले असते. बारा व्होल्टचा रिले आठाच्या आसपास कधी ओढतो, कधी नुसता ‘टक्’ करतो, तर कधी तेवढेही करत नाही, आणि हेच तर गेले चार दिवस चालले होते.

शुक्रवारी बझर का वाजला याचाही उलगडा झाला. माझ्या मीटरचा बझर तीसेक ओहमपर्यंतच्या कोणत्याही रोधाला वाजतो आणि त्या वेळी मीटर स्विचमधून अगदी नगण्य प्रवाह सोडतो. अडीच ओहम त्याच्या हिशेबी तार जोडलेलीच असते. दिव्याच्या किंवा इंडिकेटरच्या स्विचला अडीच ओहम कदाचित चालूनही जातील, परंतु कॉइल स्वतःच चार ओहमची असताना वाटेत आणखी अडीच ओहम बसले, तर व्होल्टेजचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो. यापुढे अशा जागी बझर फक्त तुटलेली वायर शोधण्यापुरताच वापरायचा.

पुढची पायरी म्हणून स्विचच्या सॉकेटात वायरीचा एक तुकडा घालून दोन्ही पिना थेट जोडल्या आणि बटण दाबायला लावले. रिलेने खणखणीत ठोका दिला. दहा वेळा दिला. आता स्विच उघडण्यावाचून मार्ग नव्हता.

स्विच लिव्हरच्या होल्डरमध्ये, ज्याला गॅरेजवाले यॉक म्हणतात त्यात, खालच्या बाजूने एका स्क्रूवर बसवलेला आहे. बाहेर डोकावणारी राखाडी प्लॅस्टिकची पिन काडेपेटीतल्या काडीहून थोडी जाड आहे. लिव्हर मोकळी असताना तिच्या मुळाशी असलेली नाकाडी ही पिन आत दाबून ठेवते आणि आतले संपर्क उघडे राहतात. लिव्हर ओढली की नाकाडी दूर जाते, पिन आतल्या स्प्रिंगच्या जोराने बाहेर येते आणि संपर्क जोडले जातात. म्हणजे स्विच जोडण्याचे काम लिव्हर करत नाही, ते स्प्रिंग करते, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षे उलटी समजत होतो.

पिन बोटाने आत दाबून सोडली, तेव्हा ती अर्ध्यावर येऊन थांबली आणि मग एखादा सेकंद थांबून, आळस झाडल्यासारखी, उरलेली बाहेर आली. तिच्या भोवती गेरूच्या रंगाचा घट्ट लगदा बसला होता. आमच्याकडची जांभ्याची तांबडी माती उन्हाळ्यात धूळ होऊन बसते आणि पावसाळ्यात तिचीच खळ होते. त्यात कुणीतरी कधीतरी भरलेले जुने ग्रीस मिसळले की जे तयार होते, ते सुरीच्या टोकाने खरवडावे लागले.

खाचेतली दोन क्लिपे उचलून झाकण काढले, त्याच क्षणी स्प्रिंग उडाली. लोहचुंबक घेऊन पडवीभर अर्धा तास फिरलो. ती सापडली शेवटी केरसुणीने झाडून पांढऱ्या पंचावर केर पसरल्यावर. ती पितळी वर्णाची होती, चुंबकाला कधीच लागली नसती. पुढच्या वेळी झाकण प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडायचे.

आत दोन स्थिर पट्ट्या आणि त्यांच्यावर टेकणारा तांब्याचा छोटा पूल आहे. पुलाच्या दोन्ही टोकांवर काळपट थर होता आणि कडेला हिरवट गंज. पिन अडकत असल्यामुळे पूल पूर्ण दाबाने टेकत नव्हता. दाब कमी म्हणून रोध जास्त, त्यात ओल आणि गंज. खरखरीत पॉलिश पेपर मुद्दाम वापरला नाही, कारण संपर्कांवर चांदीसारखा पातळ मुलामा दिसत होता आणि तो गेला की खालचे तांबे दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवे होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जाड कागदाच्या पट्टीने संपर्क घासले; काळा थर कागदावर उतरला आणि खाली उजळ रंग आला. पिन आणि तिची खाच त्याच द्रवाने धुतली. ग्रीस आत अजिबात भरले नाही, फक्त पिनेच्या बाहेरच्या भागाला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावले.

जोडणीनंतर तीच मोजणी पुन्हा केली: 4.6 च्या जागी 0.2 व्होल्ट.

17 जुलै, बुधवार

आषाढी एकादशीची सुट्टी. चार दिवसांत गिअरमध्ये तीसएक वेळा सुरू केली, एकदाही चुकली नाही. काम संपले असे समजून वही मिटत होतो.

20 जुलै, शनिवार

काम संपलेले नाही, उलट जास्त गंभीर झाले आहे.

आमचे अंगण उताराचे असल्यामुळे गाडी रात्री पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवतो. सकाळी रेनकोटची बटणे लावता लावता, क्लचवर हात नसतानाच, अंगठा स्टार्टरवर पडला. असे पूर्वीही झाले असेल; काही घडत नसे. आज गाडीने हातभर उडी घेतली आणि पुढचे चाक जांभ्याच्या गडग्यावर आपटले. मडगार्डला पोचा आला, एवढ्यावरच निभावले. गाडी आणि गडगा यांच्या मध्ये कुणी उभे नव्हते.

गाडी बाजूला घेऊन, किल्ली बंद करून, सॉकेट सोडवले आणि स्विचला मीटर लावला. लिव्हर मोकळी असताना बझर वाजत होता. लिव्हर बोटाने किंचित बाहेर, म्हणजे हँडलपासून दूर ढकलली की थांबायचा. बोट काढले की पुन्हा वाजायचा. मोकळ्या लिव्हरला स्विच उघडा असायला हवा, तो जोडलेला होता. अशा स्थितीत गाडीला क्लच दाबलेलाच आहे असे वाटत राहते. वायरी पिळून जोडल्या असत्या तरी हेच झाले असते.

आज बसने गेलो.

21 जुलै, रविवार

म्हाताऱ्या पावसाने कालपासून जोर धरला आहे, मलप्रभा तांबडी होऊन वाहते आहे. बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे दिवसभर लिव्हरकडेच लक्ष दिले.

मागच्या रविवारी लिव्हर काढली होती, पण पाहिली नव्हती. नजर स्विचवर होती. आज तिचे टोक धरून वर-खाली हलवले तर ती होल्डरमध्ये खडखडली, पुढे-मागेही खेळली. बोल्ट काढून व्हर्निअरने मोजला. न झिजलेल्या भागात तो 5.95 मिलिमीटर आहे आणि लिव्हर जिथे बसते तिथे 5.6, तोही एकाच अंगाने घासलेला. लिव्हरचे भोक 6.3 भरले, आणि होल्डरच्या वरच्या कानाचे भोक तर गोल राहिलेलेच नाही: एका दिशेने 6.1, दुसऱ्या दिशेने 6.5.

नाकाडीचा जो भाग पिनेला दाबतो तिथे नखाला लागेल अशी खळगी पडली आहे. टॉर्चच्या उजेडात ती बशीसारखी चकाकते. लिव्हर ॲल्युमिनियमची आणि पिन प्लॅस्टिकची असताना झीज प्लॅस्टिकची व्हावी अशी अपेक्षा होती, आणि पिन खरोखर फारशी झिजलेली नाही. याचे कारण मातीच असावे: मऊ प्लॅस्टिकमध्ये बारीक कण रुतून बसतात आणि मग तीच पिन पॉलिश पेपरसारखी समोरच्या धातूला घासते. लेथवर लॅपिंग करताना मऊ धातूत अपघर्षक मुरवून कठीण धातू घासतात, तोच हा प्रकार.

आता हिशेब. पिन पूर्ण दाबलेल्या अवस्थेपासून हळूहळू सोडत, व्हर्निअरच्या खोली मोजण्याच्या पट्टीने पाहिले, तेव्हा पिन 1.2 मिलिमीटर बाहेर आली की संपर्क जोडला जातो. नाकाडीपाशी लिव्हरचा खेळ 0.9 मिलिमीटर आहे आणि खळगी 0.5 खोल. दोन्ही मिळून 1.4. केबलला नियमाप्रमाणे ढील ठेवलेली असल्यामुळे मोकळी लिव्हर सैल लोंबते आणि पिनेची स्प्रिंगच तिला तेवढी मागे रेटते. स्विचला यापेक्षा वेगळे वागताच आले नसते.

मग हा दोष आधी का दिसला नाही? लिव्हर खूप आधीपासून झिजत होती. परंतु पिन लगद्यात अडकून आत राहत होती, तिच्यात झिजलेल्या लिव्हरच्या मागोमाग बाहेर येण्याची ताकदच नव्हती. एका दोषाने दुसरा झाकून ठेवला होता आणि मी रविवारी अल्कोहोल लावून त्याच्यावरचे झाकण काढले. स्विच दुरुस्त झाला होता, आणि नेमका म्हणूनच तो लिव्हरची खरी अवस्था सांगू लागला होता.

नाकाडीच्या खळगीत पत्र्याचा तुकडा चिकटवून भागवावे असे क्षणभर मनात आले. तो निघाला तर पुन्हा गडग्याशी गाठ, म्हणून सोडून दिले.

23 जुलै, मंगळवार

बेळगावात स्पेअर पार्टची दोन दुकाने पालथी घातली. सुटा स्विच पहिल्या दुकानात “इल्ल्री” (कन्नडमध्ये ‘नाही’) आणि दुसऱ्यात लिव्हर, होल्डर, आरसा लावायची जागा असा अख्खा सेट घ्या, 480 रुपये. माझा स्विच आता चांगला आहे आणि सेटमधला स्विच दुसऱ्या पद्धतीचा, त्याचे सॉकेटही निराळे. लिव्हर 110 रुपयांना आणि बोल्ट-नट 20 रुपयांना घेतले.

घरी बसवून पाहिले. खेळ 0.9 वरून 0.4 वर आला. उरलेला खेळ होल्डरच्या कानाचा आहे.

27 जुलै, शनिवार

होल्डर काढून उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या काकांकडे नेला. तिथे हायड्रॉलिकच्या मोठमोठ्या जॉबांच्या रांगेत माझा तळहाताएवढा तुकडा ठेवताना संकोच वाटला. काकांनी तो उचलला, बोल्ट घालून लिव्हर हलवली आणि मी काही सांगण्याआधीच म्हणाले, “स्विच बदलून काय होतंय ओ, लिव्हरच हालायलीय की.” मी गेले पंधरा दिवस मीटर घेऊन जे शोधत होतो, ते त्यांना अंगठ्याने कळले.

खालच्या कानात आटे आहेत आणि ते शाबूत आहेत. वरच्या कानाचे भोक 8 मिलिमीटरला मोठे करून त्यात गनमेटलचे बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवायचे ठरले, बाहेरून 8 आणि आतून 6. भोक मोठे करताना वरच्या भोकाचा मध्य खालच्या आट्यांच्या सरळ रेषेत राहणे महत्त्वाचे होते, कारण झिजलेले अंडाकृती भोक ड्रिलला आपल्याच बाजूला ओढते. त्यासाठी काकांनी खालच्या आट्यांत एक खरादलेली पिन पिळून बसवली, तिच्यावरून होल्डर सरळ लावून घेतला आणि मग ड्रिलऐवजी बोरिंग टूलने दोन हातांत, म्हणजे दोन फेऱ्यांत, भोक घेतले. पहिल्या हाताला एकाच बाजूने चकचकीत चंद्रकोर उमटली, म्हणजे जुने भोक किती सरकले होते ते दिसले. दुसऱ्या हाताला चकाकी सगळीकडून मिळाली.

बुश बसल्यावर त्यांनी नवा बोल्ट वरून सोडला. तो आपल्या वजनाने, न अडखळता, संथ खाली उतरला. दीडशे रुपये घेतले आणि चहाही पाजला.

28 जुलै, रविवार

जोडणी केली. बोल्टला साधे ग्रीस अगदी पातळ लावले. जास्त लावले तर माती पुन्हा तिथेच येऊन बसेल. बोल्ट करकचून आवळला तर होल्डरचे कान जवळ येतात आणि लिव्हर जड होते, म्हणून लिव्हर सहज परतेल इतपतच आवळून खालचा नट मात्र पक्का केला. केबलची ढील लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर हवी, ती 14 वर ठेवली.

नाकाडीपाशी खेळ आता 0.1 मिलिमीटर आहे. लिव्हर मोकळी असताना तिला वर, खाली, पुढे, मागे कसेही ढकलले तरी मीटर उघडाच दाखवतो. लिव्हर साधारण एक तृतीयांश ओढली की संपर्क जोडला जातो. मुख्य स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून, गिअरमध्ये क्लच न दाबता बटण दाबले: शांत. क्लच दाबून: पहिल्या ठोक्याला सुरू. प्रवाह वाहताना स्विचवरची घट 0.2 व्होल्ट.

पुतण्याने विचारले की मग गाडी उडी मारत होती ती कोणाची चूक. त्याला जुनी आणि नवी लिव्हर हातात दिली आणि नाकाडीवरून बोट फिरवायला सांगितले.

18 ऑगस्ट, रविवार

तीन आठवडे आणि हजारभर किलोमीटर झाले. घट 0.2 व्होल्ट, खेळ 0.1 मिलिमीटर, दोन्हींत बदल नाही. पिनेभोवती तांबड्या मातीची बारीक कड पुन्हा दिसू लागली आहे. ती ओल्या फडक्याने पुसली. होल्डरवरचे रबरी टोपण एका बाजूने फाटले आहे आणि पाणी बहुधा तिथूनच शिरते. सुटे टोपण कुठे मिळाले नाही, म्हणून तूर्त सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा कापून वरून चढवला आहे. उजव्या बाजूच्या ब्रेक लिव्हरचा बोल्ट काढून मोजला, तो 5.8 भरला, त्यासाठी नवा बोल्ट आणायचा आहे.